नळीवरची चंद्रकोर

आमचे हे डिटेक्टिव्ह आहेत. असं मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात, आणि कोणी विचारलं नसतानाही म्हणतात. "रहस्यभेदक, सूक्ष्मदर्शी, तर्कमहर्षी, गुन्हेगारांचा कर्दनकाळ" असा मजकूर ह्यांनी ऑफिसच्या पाटीसाठी लिहून दिला आणि पाटी रंगवायचं काम माझ्या गळ्यात मारलं. तर्कमहर्षीलाच पाऊण पाटी खर्च झाली. ‘कर्दनकाळ’ला जागा उरली नाही, त्यामुळे सध्या ह्यांची ओळख ‘गुन्हेगारांचा’ इथेच संपते. सूक्ष्मदर्शींच्या नजरेला ते अजून पडलेलं नाही.

मी ह्यांची बायको आणि एजन्सीची एकमेव सहायक. रजिस्टर माझ्याकडे असतं. त्यात आजवर एकतीस केसेस आहेत आणि ‘गुन्हेगार’ नावाचा एक रकाना आहे. तो एकतीस वेळा कोरा आहे.

बत्तिसावी केस घरातूनच आली. ह्यांची थोरली बहीण, आमची ताई, खाडीवर फेरीची बोट चालवते. आठ माणसांची बोट, मागे लटकवलेलं पेट्रोलचं इंजिन. अकरा वर्षांत तिने एक फेरी चुकवली नव्हती. पण गेले तीन आठवडे इंजिनाने मांडला होता छळ. हळू चालवलं तर गुमान चालायचं. वेगासाठी मूठ पिळली की मिनिटभर जोर धरायचं, मग धापा टाकायला लागायचं, आणि बोट रखडत काठाला लागायची. आणि गुरुवारी बंदर ऑफिसचा तपासनीस चाचणी घ्यायला येणार होता. भरलेली बोट खाडीतल्या लाल खांबाला वळसा घालून बारा मिनिटांत परत आली पाहिजे, नाहीतर परवाना रद्द.

"परवाना गेला तर मी काय करू?" ताई म्हणाली. "मला दुसरं काही येत नाही, आणि आता शिकायचंही नाही."

एवढं बोलून ती तोंड फिरवून दोर गुंडाळत बसली. ताई रडवेली झालेली मी पहिल्यांदाच पाहिली आणि मला फार वाईट वाटलं. ह्यांनाही वाटलं असावं, कारण ह्यांनी चक्क दोराचं दुसरं टोक धरून तिला मदत केली.

मग म्हणाले, "ताई, काळजी सोड. केस मी घेतली."

"म्हणूनच काळजी वाटतेय," ताई म्हणाली.

मेकॅनिकने आपलं काम आधीच केलं होतं. त्याला सगळे ग्रीसकाका म्हणतात. काकांनी कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, फिल्टर बदलला, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक फुंकून पाहिलं. मग बोट काठाला बांधून इंजिन फुल सोडलं, तर ते अर्धा तास न खोकता चाललं.

"इंजिन ठणठणीत आहे," काका म्हणाले. "आता बोटीवर भूत आहे का ते माझ्या खात्यात येत नाही."

"ते माझ्या खात्यात येतं," हे म्हणाले, आणि तपासाची पेटी उचलून बोटीत उतरले.

ह्या पेटीबद्दल सांगायला हवं. लोखंडी आहे, तळाला पितळी पाय आहेत. आत दोन भिंगं, सात कुलुपं, एक वजनकाटा, ठसे घ्यायच्या प्लॅस्टरची पिशवी आणि न सुटलेल्या एकतीस केसेसच्या फायली. तीन आठवड्यांपूर्वी ह्यांनी पलीकडच्या काठावर, चावीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत ऑफिस थाटलं, तेव्हापासून ही पेटी रोज सकाळी ह्यांच्याबरोबर खाडी ओलांडते आणि संध्याकाळी परत येते. बोटीत हे मागच्या फळीवर बसतात आणि पेटी पायाशी ठेवतात. ती मी एकदा उचलली होती, तेव्हा चार दिवस कंबर धरून चालत होते.

पहिला संशय बेकरीवाल्यावर. "पेट्रोलमध्ये साखर," हे म्हणाले. "आणि ह्या काठावर पोत्याने साखर कोणाकडे असते?" पुरावा म्हणून ह्यांनी टाकीत नाक घातलं आणि दिवसभर डोक्याला ओला फडका बांधून पडले. बेकरीवाल्याने बिचाऱ्याने विचारपूस करायला बिस्किटं पाठवली. हे म्हणाले, अपराधी मन असंच वागतं. बिस्किटं मात्र सगळी खाल्ली.

दुसरा संशय इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यावर. कोणीतरी पंखा उलटा बसवलाय असं ह्यांचं म्हणणं. काका म्हणाले, "साहेब, मग बोट मागे गेली असती." हे म्हणाले, "तेच तर लपवलंय." त्यावर काका उठून चहा प्यायला गेले.

तिसऱ्या दिवशी खरा पुरावा सापडला. टाकीपासून इंजिनाकडे पेट्रोल नेणारी रबरी नळी बोटीच्या तळावरून जाते. हे भिंग घेऊन पालथे पडले होते, ते एकदम ताठ बसले. नळीवर एक खूण दाबली गेली होती. एक चंद्रकोर आणि तिच्यापुढे एक ठिपका.

"टोळीचं चिन्ह," हे कुजबुजले.

"जुनी नळी आहे, वळ पडायचाच," काका म्हणाले. "पेट्रोल वाहतंय ना? मग झालं."

पण हे आता ऐकतात थोडेच. ह्यांनी खुणेचं वहीत चित्र काढलं आणि खाली ‘चंद्रकोर टोळी’ लिहून दोनदा अधोरेखित केलं.

त्या दिवशी मीही एक काम केलं होतं. ताईला विचारून प्रत्येक फेरीची नोंद केली. हे बोटीत होते त्या सगळ्या फेऱ्यांत इंजिनाने मान टाकली होती. हे नव्हते तेव्हा एकदाही नाही. मी तो कागद ह्यांच्यापुढे ठेवला.

"अहो, हे बघा जरा. तुम्ही असलात की होतं."

ह्यांनी कागद वाचला. चेहरा उजळला. "म्हणजे लक्ष्य मी आहे."

"अहो, तसं नाही..."

"तसंच. ऑफिस थाटलं त्याच दिवसापासून सुरू झालं. गुन्हेगारी जगत हादरलंय."

खात्री करायला हे दुसऱ्या दिवशी वेष पालटून निघाले. कोळ्याची टोपी, चिकटवलेली दाढी, खांद्यावर जाळं आणि हातात पेटी. धक्क्यावरचा तिकीटवाला म्हणाला, "नमस्कार साहेब, आज दाढी?" निम्म्या खाडीत इंजिनाने पुन्हा मान टाकली. "बघितलंस?" दाढी सावरत हे म्हणाले. "वेष पालटूनही टोळीने मला ओळखलं."

बुधवारी संध्याकाळी मी हात जोडले. "उद्या चाचणीला तुम्ही येऊ नका."

"ताईला टोळीच्या तोंडी एकटी सोडू?" हे म्हणाले. "लहानपणी मी ह्याच खाडीत बुडत होतो, तेव्हा तिने मला बाहेर काढलंय. हल्ला झाला तर आधी माझ्यावर होऊ दे." हे ते अगदी मनापासून म्हणाले, म्हणून मी जोडलेले हात खाली घेतले.

गुरुवारी बोट भरली. ताई इंजिनापाशी, तपासनीस तिच्या शेजारी मांडीवर पॅड घेऊन, त्यांच्यापुढे मागच्या फळीवर हे आणि पायाशी पेटी. मधे मी, काका आणि बेकरीवाला. पुढे वजनासाठी डब्यांचा ढीग घेऊन तिकीटवाला, आणि आमच्या सासूबाई, विणकाम घेऊन. त्यांना कुठेही न्या, त्या विणतात.

ताईने मूठ पिळली. बोटीचं नाक वर उचललं गेलं आणि सासूबाईंचा लोकरीचा गुंडा मांडीवरून निसटून मागे घरंगळत गेला. मिनिटभर बोट अशी सुटली की मी फळी घट्ट धरली. मग इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. ताईने मूठ आणखी पिळली. तपासनिसाने घड्याळ पाहिलं आणि पेनचं टोपण काढलं.

हे उभे राहिले. "कोणीही जागचं हलू नका. टोळीचा माणूस ह्याच बोटीत आहे."

सगळ्यांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी फक्त वजनाला आलोय."

सासूबाई मात्र हलल्या. गुडघ्यांवर रांगत, आमच्या पायांमधून वाट काढत त्या गुंड्यामागे गेल्या.

"आई, पुराव्याला हात लावू नकोस."

"पुरावा कसला मेला? माझी लोकर अडकलीय. अरे, नाक वर झालं की तुझी पेटी मागे सरकते. ही बघ, त्या नळीच्या छातीवर बसलीय. उचल."

"आई, मी इथे एका भयंकर टोळीचा..."

"उचल म्हणते ना."

आईपुढे तर्कमहर्षींचं चालत नाही. ह्यांनी पेटी उचलली. काकांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि नळीच्या मधला, पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी फुगा दोनदा दाबला. इंजिन असं गरजलं की हे पेटीसकट मागे, थेट तपासनिसाच्या पॅडवर जाऊन बसले. उठायला जमेना, म्हणून तसेच बसून राहिले. लाल खांबाला वळसा घालून बोट परत आली तेव्हा अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाली होती.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या ह्यांनी पेटी उलटी केली. पितळी पायाची कड चंद्रकोरीसारखी होती आणि तिच्यापुढे एक खिळा. वहीतलं चित्र शेजारी धरलं. दोन्ही खुणा तंतोतंत जुळल्या.

मग ताईजवळ गेले. "ताई, मीच होतो गं."

"हो रे," ताई म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "तीन आठवडे माझा जीव टांगणीला लावलास, गाढवा." मग तिने ह्यांच्या डोक्यावर टपली मारली आणि हात तिथेच ठेवला.

परवाना आता बोटीत काचेत लावलाय. खाली तपासनिसाच्या अक्षरात एक अट आहे: ‘डिटेक्टिव्हने पेटी मांडीवर धरावी.’

संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं. हे पाठमोरे, खिडकीतून खाडीकडे बघत होते.

"काय लिहू?" मी विचारलं.

"खरं ते लिही."

मी ‘गुन्हेगार’च्या रकान्यात ह्यांचं पूर्ण नाव लिहिलं आणि वही पुढे केली. ह्यांनी भिंग लावून ते नीट वाचलं. हळूहळू मान ताठ झाली.

"एकतीस केसेस," हे म्हणाले, "आणि शेवटी सापडलाच की नाही?"