सणाला हमखास जेवावं अशी सात घरं

इंटरनेटवर तुम्ही लिहिलेलं पान कुणी वाचत नसेल, तर रडत बसू नका. मला विचारा! होय, मलाच! मी जोव्ही, वय पंधरा, इयत्ता दहावी. एका पानाला चार हजार तीनशे बारा वाचक मिळवणारी आमच्या शाळेतली एकमेव मुलगी. मुलगेही धरा. शिक्षकही धरा!

त्यातले किती वाचक आमच्या अंगणात जेवायला आले, ते हळूहळू सांगते. एकदम सांगितलं तर मलाच पुन्हा धाप लागेल.

जूनपर्यंत मी वर्गात शिंकतानासुद्धा परवानगी मागणारी मुलगी होते. मग वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले, चक्कर आली नाही, आणि तेव्हापासून मला थांबवणं कुणालाच जमलेलं नाही. कुणीही आपलं पान लिहून टाकावं अशी एक साइट आहे, तिथे मी खातं उघडलं. पहिलं पान होतं 'आमच्या मांजरीचे स्वभावविशेष'. वाचक चार. त्यातले तीन मीच, वेगवेगळ्या फोनवरून. चौथी माझी मोठी बहीण, मानांग शार्मेन. तिनंही पान अर्ध्यात बंद केलं. कळतं मला, तिथे आकडे दिसतात!

मग साइटवाल्यांनीच 'यशस्वी पानाची सूत्रं' पाठवली. मी ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली आणि रोज रात्री प्रार्थनेसारखी म्हणू लागले.

नेमकी त्याच महिन्यात आमच्या घरात एक वेगळीच प्रार्थना चालू होती. मानांगचं आर्नेलशी जमलं होतं, आणि त्याचे आईवडील सणाच्या दिवशी समुद्रापलीकडच्या बाकोलोड शहरातून बोटीनं येऊन तिला रीतसर मागणी घालणार होते. आम्ही कुणी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नानायनं, म्हणजे माझ्या आईनं, महिनाभर आधीच फर्मान काढलं.

"यंदा गाजावाजा नाही! वीस माणसं. मोजून वीस! पांढऱ्या बशा काढायच्या."

त्या पांढऱ्या बशा माझ्या बाप्तिस्म्यानंतर कपाटातून बाहेर आल्या नव्हत्या. त्यांना हात लावायचा तर आधी नानायच्या तोंडाकडे बघावं लागतं.

पण आमच्याकडे सणाला वीस माणसं हे म्हणायला सोपं. आमच्या रक्षक संताच्या सणाच्या दिवशी वस्तीतलं प्रत्येक दार उघडं असतं. जो येईल त्याला बसवायचं, वाढायचं. "तुम्ही कोण?" असं विचारणं म्हणजे मुस्काटात मारण्यासारखं! त्यामुळे माणसं कमी हवी असतील तर एकच उपाय: गप्प बसायचं. नानायनं तोंडाला कुलूप लावलं. आणि त्याच आठवड्यात मी, तिच्या पोटची पोर, साऱ्या जगाला किल्ली वाटत होते!

सूत्र सांगत होतं, शीर्षकात आकडा घाला, विषम आकडा लोकांना ओढतो. मी लिहिलं, 'आमच्या वस्तीतली सणाला हमखास जेवावं अशी सात घरं'. स्वतःच्या अनुभवाचं लिहा, म्हणे. मी सातही घरी जेवलेली, काही ठिकाणी दोनदा! चटकदार फोटो टाका. नानायचा मागच्या वर्षीचा वालेन्सियाना टाकला. तो पिवळाधमक चिकट भात, त्यावर लाल मिरचीच्या पट्ट्या... फोटो बघून मलाच पुन्हा भूक लागली. पहिल्या क्रमांकावर अर्थातच आमचं घर. खोटं कशाला बोलू!

प्रामाणिक रहा, नुसती स्तुती करू नका, असंही एक सूत्र होतं. म्हणून सातव्या क्रमांकावर आमच्या वस्तीची प्रमुख, कापिताना पुरिंग, हिला टाकलं आणि तिच्या लेचॉनबद्दल लिहिलं, 'अख्खं डुक्कर भाजतात, पण कातडी ओल्या चपलेसारखी.' मग वाचकाची सोय बघा, म्हणून नकाशा जोडला. आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं सूत्र: पान संपताना वाचकाला काहीतरी करायला सांगा.

मी सांगितलं, 'या, लाजू नका! डबा आणायला विसरू नका!'

ताताय, म्हणजे माझे वडील, फोनवर फक्त वारा आणि भरती बघतात. नानायच्या फोनला बटणं आहेत. मानांगनं शीर्षक वाचलं, "छान छान" म्हटलं आणि पडदे शिवायला बसली. आर्नेलनं मात्र पान कौतुकानं सगळीकडे पाठवलं.

पहिला दणका पावाच्या दुकानात बसला.

"ए जोव्ही! माझी कातडी ओल्या चपलेसारखी?" कापिताना गरजली. दुकानातले पावसुद्धा दचकले असतील!

"तुमची नाही, लेचॉनची! कापिताना, सूत्र आहे, प्रामाणिकपणे..."

"प्रामाणिकपणे! तुझ्या बाप्तिस्म्याला तुझ्या तातायनं तीच चप्पल तीनदा मागून खाल्ली होती!"

शेजारची तिया पासिंग, म्हणजे आमची पासिंग मावशी, तर बोलायचीच बंद झाली. तिचं घर आठवं आलं असतं ना, आणि आकडा विषम हवा होता! तिनं आपली कोंबडीसुद्धा आमच्या बाजूच्या कुंपणापासून लांब नेऊन बांधली. मी म्हटलं, लेखकाला शत्रू असायचेच.

सणाचा दिवस उजाडला. मानांग आणि आर्नेल पहाटेच बाहेर पडले, आधी बाजारात आणि मग बंदरावर, अकराच्या बोटीला. आणि सकाळी सात वाजता अंगणात एक अनोळखी गृहस्थ उभे! बगलेत आइस्क्रीमचा रिकामा डबा.

"या, या, बसा!" नानाय म्हणाली आणि आत येऊन तातायना कुजबुजली, "तुमचा बोटीवरचा मित्र का हो?"

"मला वाटलं तुझा मामा."

मी वहीमागे तोंड लपवून हसत होते. माझा वाचक! हाडामांसाचा, डब्यासकट वाचक!

आठ वाजता पाच वाचक आले. नऊला एक जीपनी, म्हणजे आमची लांबलचक जीपगाडी, भरून! छतावरूनही दोघं उतरले. तातायना वाटे नानायच्या माहेरचे, नानायला वाटे तातायच्या गावचे, आणि सणाला विचारायचं तर नसतंच! दोघंही दात दाखवत एकमेकांच्या 'नातेवाइकांना' वाढत सुटले. साडेनऊला वालेन्सियानाच्या मोठ्या पातेल्याचा तळ दिसला. लेचॉनचं डुक्कर तर, देवाशपथ सांगते, टोळ बसल्यासारखं नाहीसं झालं! फक्त डोकं उरलं, आणि तेही आश्चर्यचकित दिसत होतं.

"बांधून द्या ना थोडं," आइस्क्रीमवाले गृहस्थ म्हणाले. "पानावर लिहिलंय तसं."

"कुठल्या पानावर?" नानाय थबकली.

तेवढ्यात फाटकाशी कापिताना! तिच्या मागे अजून तीसेक माणसं.

"काय आहे, आम्ही पडलो सातव्या क्रमांकाचे! म्हटलं, पाहुण्यांना ओली चप्पल कशाला? पहिल्या क्रमांकाकडेच घेऊन आले!" असं म्हणून ती गोड हसली, आणि तीही रांगेत उभी राहिली!

मी एकदा मागच्या दाराकडे पाहिलं. पण नवा आत्मविश्वास असा वाया घालवायचा नसतो. मी ठरवलं, कारभार हातात घ्यायचा! कागदी बशा संपल्या. मी कपाट उघडलं आणि, देवा मला क्षमा कर, पांढऱ्या बशा काढल्या. त्याही संपल्या. मागच्या अंगणात पंपाजवळ खरकट्या बशांचा डोंगर झाला.

अशात एक जोडपं आलं. बाईंच्या कानात मोती, गृहस्थांचा सदरा इतका कडक इस्त्रीचा की बसले तर मोडेल! हातात मोठं झाकलेलं पातेलं.

"आम्ही बाकोलोडहून आलो," बाई म्हणाल्या. "आठचीच बोट मिळाली. मुलानं पान पाठवलं होतं, त्यातला नकाशा बघत बघत पोचलो. फारच सोपा नकाशा!"

समुद्रापलीकडचे वाचक! मी हवेत तरंगले! "नकाशा मीच काढलाय! आणि डबासुद्धा आणलात, शाब्बास! एवढा मोठा मात्र कुणीच आणला नव्हता!"

मी पातेलं हातातून घेतलं. जड! झाकण उघडलं तर आत कोळशावर भाजलेल्या कोंबड्या, ओळीनं झोपलेल्या. मला भरूनच आलं. म्हटलं, बघा, काही वाचक नुसते घेत नाहीत, देतातही! "कोंबडी आली होऽऽ!" मी ओरडले. दोन मिनिटांत पातेलं असं स्वच्छ झालं की त्यात तोंड दिसावं.

बाईंनी रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "बाळ, तुझी आई कुठाय?"

"ती आज कुणालाच भेटत नाहीये! फार गर्दी आहे! तुम्ही असं करा, बशा संपल्यात. पाच मिनिटं घासायला हात लावता का? बशी मोकळी झाली की पहिला नंबर तुमचाच!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गृहस्थांनी शांतपणे बाह्या दुमडल्या.

"जुन्या वळणाचं घर दिसतंय," ते पुटपुटले. "आमच्या वेळी नवऱ्या मुलाला राबवायचे. इथे आईबापापासून सुरुवात!"

"माझ्या बापानं तुमच्याकडून महिनाभर लाकडं फोडून घेतली होती, विसरलात?" बाई म्हणाल्या. "गप घासा. पोरगी चांगली आहे म्हणतो ना आर्नेल?"

हे मी ऐकलं. दोन्ही कानांनी ऐकलं! पण 'आर्नेल' कानात शिरून डोक्यापर्यंत पोचेना, कारण डोक्यात मी रांगेतली माणसं मोजत होते. एकशे बेचाळीस!

साडेअकराला मानांग आणि आर्नेल परत आले. मानांगचा चेहरा खोबऱ्यासारखा पांढरा.

"नानाय, ते बोटीवर नव्हतेच! उतरलेच नाहीत! त्यांनी बेत बदलला असेल का गं?"

नानाय काही बोलणार, तोच आर्नेल हात धुवायला मागच्या अंगणात गेला.

"आई???"

अशी किंकाळी मी त्याआधी फक्त डुकराची ऐकली होती.

सगळे मागे धावलो. आर्नेलची आई कोपरापर्यंत फेसात. मोत्याच्या एका डुलालाही फेस. शेजारी त्याचे वडील, कडक सदरा ओलाचिंब, हातात आमची बाप्तिस्म्याची बशी.

नानायच्या हातातला डाव खणकन खाली पडला. तातायनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मानांग तर श्वासच घ्यायची विसरली.

"अजून चाळीस राहिल्यात," आर्नेलची आई कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. "परीक्षा संपली की सांगा."

"कसली... कसली परीक्षा?" नानायनं पडलेला डाव उचलत विचारलं.

"ही छोटी बाईच म्हणाली, आधी बशा, मग जेवण."

आणि मग सगळ्या माना, एकशे बेचाळीस रांगेतल्या धरून, माझ्याकडे वळल्या! आमची मांजरसुद्धा बघत होती. मी तोंड उघडलं. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली मी! तोंडातून एवढंच निघालं, "शीर्षकात आकडा घालायचा असतो..."

पुढचं सगळं आइस्क्रीमवाल्या गृहस्थांनीच फोनवर पान उघडून मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीसकट. फार छान वाचतात ते.

"म्हणजे यांना जेवायलाही मिळालं नाही?" मानांग म्हणाली.

नानाय माझ्यावर ओरडली नाही. ते जास्त भयंकर होतं. ती रिकाम्या पातेल्यावर बसली आणि पुटपुटली, "घरात भाताचं शीत नाही. मागणी घालायला आलेली माणसं माझ्या दारातून उपाशी जाणार." मानांगनं नवे पडदे डोळ्यांना लावले. ते तिनं याच दिवसासाठी शिवले होते. मला चार हजार वाचक मिळाले होते, आणि माझ्या बहिणीचं लग्न एका बशीसाठी अडलं होतं.

"जागा हवीय का, जागा?"

कुंपणापलीकडून आवाज आला. तिया पासिंग! तिच्यामागे तिचं टेबल. भात जसाच्या तसा, शेवया जशाच्या तशा, लेचॉनचे दोन्ही कान शाबूत!

"सकाळपासून चिटपाखरू फिरकलं नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "कसं फिरकेल? आम्ही यादीत कुठे आहोत!"

"तिया..." मी कुंपणापाशी गेले. कोंबडीनंही मला पाठ दाखवली.

"पहिल्या क्रमांकाचं घर कुठलं गं, जोव्ही?"

"तुमचं, तिया."

"मोठ्यानं! कापितानाला ऐकू जात नाही!"

"तुमचं, तिया पासिंग!!!"

आर्नेलचे आईवडील तिथे बसून पोटभर जेवले. वडिलांनी लेचॉनचा कान खाता खाता, साबणानं सुरकुतलेल्या बोटांनी तातायचा हात धरला आणि म्हणाले, "तुमची मोठी मुलगी द्या आम्हाला. धाकटी राहू द्या." सगळे इतके हसले की नानायला रडू फुटलं. मानांगचं लग्न ठरलं. जानेवारीत, बाकोलोडला.

उरलेल्या चाळीस बशा मी घासल्या. आणि त्यानंतरच्या सगळ्या. कापिताना जाताना आपली बशी स्वतः आणून माझ्या ढिगावर ठेवून गेली. निथळत होती, ओल्या चपलेसारखी!

तर मैत्रिणींनो, सूत्रं खरी आहेत. चालतात! फक्त एक पाळायचं राहिलंय माझं: प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर द्या. काल पानाखाली एक नवीन प्रतिक्रिया आली. बाकोलोडहून.

'नकाशा उत्तम. आमच्या कोंबड्या रुचकर होत्या असं ऐकलं. घासण्या फार जुन्या. जानेवारीत आमच्याकडे लग्न आहे, चारशे पानं उठतील. जोव्ही, ये, लाजू नकोस! घासणी आणायला विसरू नकोस!'

खाली सत्तावन्न जणांना ती आवडलीय. त्यातली एक नानाय आहे. नवा फोन घेतलाय तिनं.