डाव्या कुशीचं जावळ

ज्या वर्षी इंद्रजितने जुनं छप्पर काढून घरावर स्लॅब टाकला, त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार बावीस साली, त्याच्या धाकट्या मुलाचं जावळ काढायचं ठरलं. धाकटा शिवतेज तेव्हा तीन वर्षांचा होता. जन्मापासून त्याच्या डोक्याला कातर लागली नव्हती. केस मानेखाली उतरले होते आणि आटपाडीच्या बाजारात अनोळखी बायका त्याची हनुवटी धरून, "पोरगी गोड हाय गं," म्हणायच्या.

या उशिराला कारण होती सुलाबाई, इंद्रजितची आई आणि शिवतेजची आजी. पोरगं सातव्याच महिन्यात जन्मलं आणि वीस दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. त्या पेटीबाहेर उभं राहून सुलाबाईने बिरोबाला नवस केला. पोर वाचू दे, त्याचं जावळ तुझ्या पायाशी काढीन, पहिली बट त्याचा मामा कापील, आणि तोवर मी पायात चप्पल घालणार नाही.

पोर वाचलं आणि सुलाबाई अनवाणी झाली. आटपाडीच्या माळावर अनवाणी चालणं म्हणजे काय, ते तिथल्या बाभळींना विचारावं. आदल्या वर्षी जावळाची सगळी तयारी झाली होती, तर ऐन वेळी सुलाबाईच म्हणाली, "ह्या साली नगं. अजून एक वरीस अनवानी चालायचं हाय मला." हे नवसात कुठे होतं, असं कुणी विचारलं नाही. सुलाबाईला विचारायची घरात पद्धत नव्हती.

तर आता येत्या रविवारी जावळ होतं. मंगलचा, म्हणजे शिवतेजच्या आईचा, भाऊ अर्जुना शिरवळच्या कंपनीतून रजा काढून येणार होता. सुलाबाई बुधवारीच तासगावला बहिणीकडे आवतण द्यायला गेली होती आणि शुक्रवारी दुपारच्या एसटीने परतणार होती. जाताना तिने अंगणातून तीनदा मागे वळून सांगितलं होतं, "मंगल, पोराच्या केसाला जप गं."

गुरुवारी अंगणात मेंढरं कातरली. थोरला शंभूराज सात वर्षांचा. तो दिवसभर आज्जाच्या मागे होता. आकाराम, म्हणजे त्याचा आज्जा, मेंढराचे पाय बांधायचा, त्याला पोत्यावर निजवायचा आणि कातर चालवता चालवता नातवाला शिकवायचा.

"डाव्या कुशीकडनं सुरुवात करायची. कातडं ताणून धरायचं. लोकर भुईला लागू द्यायची न्हाई, माती लागली की घोंगडीवाला बिराप्पा शिव्या देतो. आनि काळी काळ्या पोत्यात, पांढरी पांढऱ्या पोत्यात. कळलं का रं?"

"कळलं की."

त्याला किती नीट कळलं होतं, ते शुक्रवारी सकाळी कळलं.

मंगल चुलीपुढून उठून बाहेर आली तेव्हा ओट्यावर पोतं अंथरलं होतं. पोत्यावर शिवतेज डाव्या कुशीवर नव्हे, उजव्या कुशीवर पडला होता, म्हणजे डावी बाजू वर यावी. त्याचे पाय तिच्याच ओढणीने बांधले होते. तो आनंदाने "बॅं" करत होता. शेजारी ब्लाऊज शिवायची कात्री पडली होती. आणि त्याच्या डोक्याची डावी बाजू कपाळापासून मानेपर्यंत साफ कातरलेली होती. उजव्या बाजूला केस तसेच मानेवर लोळत होते.

मंगलच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"शंभ्या! काय केलंस रं ह्ये?"

"कातरनी," शंभूराज म्हणाला. "रगत न्हाई काढलं, बघ. एकबी थेंब न्हाई. अर्दा ऱ्हायलाय, त्याला मुतायला जायचं हाय."

आवाज ऐकून इंद्रजित आणि आकाराम धावत आले. इंद्रजितने हात उगारला, तसा शंभूराज आज्जाच्या धोतराआड शिरला. "मलाच का मारताय? आजीनं पन गेल्या साली—"

"आजीचं नाव काढू नगंस!" इंद्रजित ओरडला. "तिला कळलं तर काय व्हईल, ठावं हाय का? तीन वरसं पाय फाडून घेतलंत तिनं!"

बोलायचं शंभूराजच्या पोटात होतं, ते पोटातच राहिलं.

"केस कुठं हायती?" आकारामने विचारलं. तो शांत होता. पन्नास वर्षं मेंढरांत काढलेल्या माणसाला कातरलेलं काही बघून धक्का बसत नाही. "केस असतील तर अजून कायतरी हुईल. देवाला जावळ पायजे. कुठं टाकलंस?"

"टाकलं न्हाई. काळ्या पोत्यात भरलं. तूच म्हनलास की, काळी काळ्यात."

तिघांनी एकदम ओट्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. पांढऱ्या लोकरीची पोती तिथेच होती. काळं पोतं नव्हतं. थोड्या वेळापूर्वीच बिराप्पा घोंगडीवाला मोटारसायकलला बांधून ते घेऊन गेला होता.

"तरी त्यो पोतं बांधत हुता तवा मी म्हनलो," शंभूराज म्हणाला, "काका, थांबा, अजून अर्दं यायचंय. त्यो मागं न बघताच हसला."

एसटी दोन वाजता यायची होती. साडेदहा झाले होते. आकाराम आणि इंद्रजित, दोघे बापलेक मोटारसायकलवर बसून निघाले. मंगलने शिवतेजच्या डोक्याला कानटोपी घातली आणि वरून मफलर गुंडाळला. मे महिना होता.

बिराप्पाचं गाव दहा किलोमीटर. ते पोचले तेव्हा तो पडवीत लोकर पिंजायला बसला होता आणि तोंडाने आकारामचाच उद्धार चालू होता.

"या, या! आवं आकारामतात्या, ह्ये कसलं मेंढरू पाळलंय तुमी? लोकर पिंजली तर ती फुगायला पायजे का न्हाई? ह्यातलं निम्मं सरळ हुबं ऱ्हातंय. लय मऊ, पर गुतत न्हाई. आनि वास तर न्हाव्याच्या दुकानावानी येतुया."

"वास येतुया?" आकारामने घाईने विचारलं. "कसला?"

"आवळ्याच्या तेलाचा."

"देव पावला," आकाराम म्हणाला आणि त्याने लोकरीच्या ढिगापुढे बसकण मारली.

सगळी हकीकत ऐकून बिराप्पा आधी पोट धरून हसला आणि मग नवसाचं ऐकून एकदम गंभीर झाला. तोही बिरोबाचाच भक्त होता. मग तीन मिशीवाले बाप्ये ढिगाभोवती गोल बसले. एक एक पुंजका उचलायचा, नाकाला लावायचा आणि ठरवायचं.

"ह्यो?"

"मेंढरू."

"ह्यो?"

"बिराप्पा, ह्यो शिवतेज वाटतुया. हुंग की."

"शिवतेजच! ठेव हिकडं."

बिराप्पाची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, दारातच थबकली आणि तांब्या तिथेच ठेवून परत गेली.

तीन तासांनी रुमालात मूठभर केस जमले. सगळे मिळाले असं नाही. पुष्कळसे लोकरीत पार गुंतले होते. "बाकीचं घोंगड्यात जाऊ द्या," बिराप्पा म्हणाला. "तुमच्याच घरात येनार हाय की त्ये." आकारामने रुमालाची गाठ मारून तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला तो घर येईपर्यंत.

सुलाबाई त्यांच्या आधीच पोचली होती. बेदाण्यांची पिशवी खाली ठेवायच्या आत तिची नजर मफलरवर गेली.

"ह्ये काय गं? उन्हाळ्यात?"

"गालफुगी, आत्या," मंगलच्या तोंडून जे आधी निघालं ते निघालं. "गावात साथ हाय."

"अगं बया! मग रईवारचं पुढं ढकलू या. आजारी पोराला बिरोबाच्या बनात कसं न्यायचं?"

हे मंगलच्या ध्यानात आलं नव्हतं. पुढे ढकललं तर महिनाभर कानटोपी. "न्हाई, आत्या, उतरलीया आता. निसतं वारं लागू द्यायचं न्हाई म्हनलेत डागदर."

सुलाबाईने शिवतेजकडे बघितलं. तो मुठी भरभरून बेदाणे खात होता आणि दोन्ही गाल भरलेले असल्यामुळे गालफुगी तेवढ्यापुरती खरीही वाटत होती.

"तुला दुकतंय का रं, बाळा?"

"बॅं," शिवतेज म्हणाला.

"आवाज बी बसलाय त्येचा," इंद्रजित घाईने म्हणाला.

दोन दिवस घरातली माणसं पाळीने शिवतेजवर पहारा ठेवत होती. सुलाबाई हळदीचा लेप घेऊन आली की आकाराम त्याला मेंढरं दाखवायला न्यायचा. आंघोळ घालायला आली की मंगल म्हणायची, आत्ताच घातली. सुलाबाई काही बोलत नव्हती, आणि सुलाबाई बोलत नाही म्हटल्यावर सगळ्यांची झोप उडाली होती. खरं तर तिचंही लक्ष ठिकाणावर नव्हतं. ती सारखी कमरेची चंची चाचपत होती. पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

रविवारी अर्जुना नवी कात्री घेऊन आला. बहिणीने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बेत साधा होता. मामाने भाच्याला मांडीवर घ्यायचं, मफलर उजव्या बाजूने जरासा वर करायचा, उजवी बट कापायची. लगेच न्हाव्याने पुढे व्हायचं आणि गर्दी उजव्याच बाजूला उभी करायची. केस पदरात झेलायला सुलाबाई उजवीकडे बसेल. तेवढ्यात आकारामने रुमालातले केस हळूच पदरात सोडायचे. हिशेब पुरा.

बनात पोचल्यावर सुलाबाई डावीकडे जाऊन बसली.

"आत्या, हिकडं बसा की, सावली हाय," मंगल म्हणाली.

"मला डावीकडंच बसायचंय."

"आवं पर—"

"मंगल, नवस माजा हाय का तुजा?"

अर्जुनाने घाम पुसला. शिवतेजला मांडीवर घट्ट धरून उजवीकडून मफलर उचलला आणि देवाचं नाव घेऊन बट कापली. लोकांनी भंडारा उधळला. डोळे मिटले, हात जोडले, सगळीकडे पिवळं झालं. हीच वेळ होती. आकारामने खिशातून मूठ काढली आणि बायकोच्या पदरात घातली.

पदरात आधीच एक मूठ होती.

दोन मुठी एकमेकींवर आदळल्या. भंडारा खाली बसला. आकाराम आणि सुलाबाई एकमेकांकडे बघत होते आणि दोघांचे हात पदरात होते.

"काय हाय मुठीत?" सुलाबाईने विचारलं.

"तुज्या मुठीत काय हाय?"

"आदी तुमी दावा."

"तू दाव."

एवढ्यात शिवतेजला मफलरचा कंटाळा आला. त्याने तो कानटोपीसकट ओढून फेकला. डावी बाजू उन्हात चमकली. त्याने सगळ्यांकडे बघून अभिमानाने सांगितलं, "मी मेंढरू हाय. दादानं कातारलं."

मंगलने डोळे मिटून घेतले. सुलाबाईने त्या डोक्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या उघडलेल्या मुठीकडे, मग शंभूराजकडे.

"हिकडं ये रं."

शंभूराज पुढे झाला.

"केस भुईला लागलं?"

"न्हाई. पोतं हातरलं हुतं."

"रगत आलं?"

"एकबी थेंब न्हाई."

सुलाबाईने एक लांब श्वास सोडला. मग तिनेही मूठ उघडली. तळहातावर केसांचा एक पुंजका होता, आणि त्यात काहीतरी गुलाबी, दगडासारखं घट्ट झालेलं.

"च्विंगम," ती म्हणाली. "गेल्या साली ह्याच शंभ्यानं धाकट्याच्या टाळूवर चिकटिवलं. काय केल्या निगंना. तेल लावलं, राकेल लावलं. शेवटी मीच कापलं, गुपचूप. देवाचं केस मी तोडलं! म्हनून आनखी एक वरीस अनवानी फिरलो. चंचीत घिऊन हिंडतुया तवापासनं. आज डावीकडं, गर्दीच्या आड बसून सगळ्यात मिसळावं म्हनलं, तर ह्यांची मूठ आडवी!"

पहिला हसला तो न्हावी. मग कुणीच थांबलं नाही. मंगल हसता हसता रडायला लागली. आकाराम भंडाऱ्यातच बसून मांडीवर थापा मारत होता.

"म्हंजी तुला सगळं ठावं हुतं?" इंद्रजितने शंभूराजला विचारलं. "आजीचंबी?"

"सांगत हुतो की परवा. तुमीच म्हनला, आजीचं नाव काढू नगंस. आनि आजी म्हनली हुती, कुनाला सांगू नगंस. मग मी काय करू?"

आजीने त्याला जवळ ओढून त्याच्या कपाळाला भंडारा लावला.

"पर म्हंजे पैली बट आत्याची, दुसरी शंभ्याची," अर्जुना बोटं मोजत म्हणाला. "मग मी शिरवळवरनं कशाला आलो?"

"टावेल-टोपी घ्यायला," सुलाबाई म्हणाली. "गप बस."

दोन मुठी आणि राहिलेलं डोकं असं सगळं जावळ कणकेच्या गोळ्यात घालून पाण्यात सोडलं. च्युइंगम आधी काढून ठेवला. देवाने त्यावर काही म्हटलं नाही. शिवतेजला त्या वर्षी साधी सर्दीही झाली नाही.

बनाबाहेर इंद्रजितने आईच्या पायात नव्या चपला घातल्या. दहा पावलांवर सुलाबाई थांबली. तीन वर्षांत पाय रुंद झाले होते. चपला चावायला लागल्या. तिने त्या काढून हातात घेतल्या आणि मोकळ्या पायांनी गाडीपर्यंत चालत आली. "आता नवसाचं न्हाई," ती म्हणाली, "आता माज्या मर्जीचं."

बिराप्पाचं घोंगडं दिवाळीत आलं. ते इतर घोंगड्यांसारखंच टोचतं, एका ठिकाणी मात्र हातभर मऊ आहे. दोघे भाऊ अजून त्या मऊ जागेवरून भांडतात. ती माझीच, असं शिवतेज म्हणतो. कातरली मी, असं शंभूराज म्हणतो.

सुलाबाई दोन हजार पंचवीसच्या फेब्रुवारीत, एकाहत्तराव्या वर्षी, दुपारी जेवून त्याच घोंगड्यावर जरा पडली आणि झोपेतच गेली. चपला तोवर नव्याच होत्या.