कवडूभाऊंची थांबणारी गाडी

कोठारीच्या रस्त्यावर कवडूभाऊंची गाडी थांबली नाही, त्यात त्यांची काही चूक नव्हती. चूक माझी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरी बायकोलासुद्धा नाही. बल्लारपुरात लोक अजून म्हणतात की म्हाताऱ्याचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही, आणि मी तिथंच उभा राहून चहा पितो.

पण आधी कवडूभाऊ कोण ते सांगायला हवं, नाहीतर माझी चूक केवढी ते कळायचं नाही.

कवडूभाऊ अनवाणी गाडी चालवायचे. चपला काढून गाडीत ठेवायचे असं नव्हे, त्या घरच्या अंगणातच राहायच्या. त्यामुळे जिथं जातील तिथं ते अनवाणीच उतरत. राजुऱ्याला एका लग्नात वधूपित्याला वाटलं, यांच्या चपला मांडवातून चोरीला गेल्या. त्या भल्या माणसानं बाजारातून नव्या आणून दिल्या. कवडूभाऊंनी त्या पिशवीत घातल्या आणि तसेच अनवाणी गाडी चालवत घरी आले. चपलेतून ब्रेक दाबणं म्हणजे हातमोजे घालून भात कालवणं, असं त्यांचं मत होतं.

ते आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. पेपर मिलमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मी शाळेच्या ऑफिसात कारकून, पण त्यांनी पहिल्या दिवशीच मला मास्तर म्हणायचं ठरवलं आणि मीही दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करणं ही माझी जुनी सवय.

निवृत्तीनंतर त्यांनी आठशे सीसीची एक जुनी डबागाडी विकत घेतली. टप कापला, दारं काढली, मागची सीट काढली, पुढं फायबरचं बॉनेट बसवलं. दोन माणसांपुरती, उघडी, पिवळीधमक गाडी तयार झाली. मागून बघितली तर शर्यतीची वाटायची, पुढून घमेल्यासारखी. वजन कमी करण्याचा त्यांना एवढा ध्यास की स्टेपनीही घरी ठेवायचे. एकदा मी पाच किलो कांदे घेऊन बसायला गेलो, तर कांदे त्यांनी ऑटोनं पाठवले.

गाडी बघून लोक साहजिकच विचारायचे, किती पळते? मग ते चिडायचे. "पळाचं काय विचारता? म्हैसबी पळते. थांबते कशी ते विचारा."

इंजिनाला त्यांनी बोट लावलं नव्हतं. सगळा जीव ब्रेकमध्ये. मागचे ड्रम काढून चारही चाकांना डिस्क बसवल्या. रबरी पाईप दाबाखाली फुगतात म्हणून स्टीलची जाळी विणलेले पाईप घातले. पॅड तर किती वेळा बदलले ते त्यांनाच ठाऊक. हा आटापिटा कशासाठी, ते त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांचे वडील मूल गावाकडच्या तलावांवर मासे धरायचे. जाळ्याची दोरी बोटात असली की मासा नुसता घासून गेला तरी त्यांना कळायचं. "दोरी ढिली असली का मासा गेल्यावर समजते," कवडूभाऊ म्हणाले. "थांबते तं सगळीच गाडी, मास्तर. पन किती थांबनार, ते पायाले आधी समजलं पायजे."

म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी गाडीत बसावं लागे. पोस्टमन असो की विम्याचा एजंट, चपला काढायच्या, डोळे मिटायचे, ब्रेक दाबायचा. "पाय काय म्हनते?" माणूस म्हणायचा, चांगलं वाटते. की कवडूभाऊ मान फिरवून चहा सांगायला आत जायचे. एजंटनं पुढं आमची गल्लीच सोडून दिली.

मुलीला, मायाला, बघायला नागपूरचे पाहुणे मोठी नवी गाडी घेऊन आले. ते आत पोहे खात असताना कवडूभाऊ बाहेर त्यांच्या गाडीचा ब्रेक दाबून आले आणि स्थळ नाकारलं. कारण विचारलं तर म्हणाले, पाय स्पंजावर ठेवल्यासारखा जाते, तिथं पोरगी नाई देत. शेवटी माया सिरोंचाला दिली. तो मुलगा स्टेशनावरून कुणाची तरी सायकल मागून आला होता आणि तिचे दोन्ही ब्रेकरबर नवे होते. ते रबर त्यानं बसवलेच नव्हते, हे मी बोललो नाही. मुलगा चांगला निघाला.

त्यांची बायको आधीच वारलेली, त्यात मायाचं लग्न झालं. त्यानंतर दर रविवारी सकाळी भिंतीपलीकडून हाक यायला लागली. "मास्तर, हवा काढाची आहे."

ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल मऊ लागतं, कारण तेल दबत नाही आणि हवा दबते. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकाशी आडवं होऊन निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, सैल करायचा, बुडबुडे तेलासकट बाहेर येऊ द्यायचे आणि निपल पुन्हा आवळायचा. तो आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला तर बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते. या कामाला आमची ठरलेली भाषा होती. दाबा. दाबला. धरला ना? धरला. सोडा. चार चाकांना मिळून तासदोन तास हेच. माझी बायको म्हणायची, एवढी हवा सायकलच्या ट्यूबमंधी नसते, तुमी दोघं कोणती काढून राह्यले?

मी घरात फारसा बोलत नाही, बाहेरही नाही. एकेका शब्दाचं ते बोलणं मला मानवायचं.

काम झालं की परीक्षा. आधी ते पाय लावायचे, मग मी लावायचा आणि सांगायचं, पेडल कसं आहे. चार वर्षं मी नापास. "तुमचा पाय ऑफिसातला आहे," असं म्हणून सोडून द्यायचे.

त्या रविवारी नवे पॅड बसवले होते. शेवटच्या चाकाला मी पेडल धरून बसलो होतो आणि मांडीवरचा मोबाईल घसरला. मी वाकलो आणि पाय उठला. क्षणभरच. लगेच पुन्हा दाबला. खालून त्यांनी विचारलं, "धरला ना?" मी म्हणालो, "धरला."

तेवढंच असतं तरी निभावलं असतं. पण ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, "आज मी पाय लावत नाई. तुमचा पाय तयार झाला. तुमीच सांगा."

मी डोळे मिटून दाबलं. पेडल बोटभर जास्त खाली गेलं, आणि ते मला कळलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायाला बरोबर उत्तर आलं होतं. आताच पास झालेल्या माणसानं कसं सांगायचं? मी म्हणालो, "दगडावानी आहे."

त्यांना जो आनंद झाला तो मी बघितला आहे.

पॅड डिस्कला घासून नीट बसावेत म्हणून आम्ही कोठारीच्या रस्त्याला निघालो. नव्या पॅडला वेग घेऊन ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, असं थोडं तापवावं लागतं. गावाबाहेर पहिलाच ब्रेक मारला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मास्तर, आज जराक लांब लागून राह्यला."

नवे पॅड घातले की ते नेहमी म्हणायचे, तेच वाक्य मी त्यांना दिलं. "नवे पॅड आहेत. बसतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि वेग घेतला. स्वतःचा पाय काय सांगतो ते बाजूला ठेवून त्यांनी माझ्या पायावर विश्वास ठेवला.

जंगल लागल्यावर एका वळणावर शेळ्या रस्ता ओलांडत होत्या, मागं काठी टेकत एक म्हातारा. कवडूभाऊंनी ब्रेक दाबला आणि पेडल खाली खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबला. मग हँडब्रेक ओढून त्यांनी गाडी सागाच्या बाजूला नालीत घातली. शेळ्या वाचल्या, म्हातारा वाचला. त्यानं आम्हाला आधी भरपूर शिव्या दिल्या, मग बाटलीतलं पाणी दिलं. मला टेंगूळ आलं, कवडूभाऊंचं मनगट मोडलं. ते मनगट धरून नालीच्या काठावर बसले.

"निपल माझ्याच्यानं उशिरा आवळला गेला," ते म्हणाले. "हात खोटं बोलला, मास्तर."

मी म्हणालो, "होते असं."

मनगट जुळलं. पण ब्रेकचं काम घेऊन कुणी दारात आलं की ते हात जोडून परत पाठवायला लागले. आधी लोक आपापल्या गाड्यांचे ब्रेक करून घ्यायला लांबून यायचे त्यांच्याकडे. गाडी भंगारवाल्यानं कापून नेली, ते घरात बसून राहिले. मग मायानं त्यांना सिरोंचाला न्यायचं ठरवलं. म्हणाली, बाबा, नदी आहे तिथं, मन रमेल. त्यांनी वाद घातला नाही. ते वाद घालत नाहीत हे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

सामान बांधायला मी गेलो होतो. शेडमधल्या खिळ्याला एक प्लॅस्टिकची बाटली टांगलेली, तिला पारदर्शक नळी, नळीत सायकलच्या व्हॉल्वचं रबर. मी विचारलं, हे काय? ते जरा ओशाळले. एकट्यानं हवा काढायची बाटली, म्हणाले. बाहेर जाणारी हवा रबरामुळं परत येत नाही, दुसरं माणूस लागत नाही. लोकांच्या गाड्यांना ते आठवडाभर हीच वापरायचे. अर्ध्या तासाचं काम.

"मंग मले काऊन बोलवत होते?"

त्यांनी बाटली हातात घेतली, धूळ पुसली, पुन्हा पुसली.

"रविवार लय मोठा असते," ते म्हणाले.

तेव्हा सांगायचं होतं. मी खाली बसलो आणि पेटीला दोरी बांधत राहिलो. त्यांनी गाठीवर बोट धरलं.

माया कधीमधी फोन करते. जावयाची मोटारसायकल अडली तर बाबा हात लावत नाहीत, मिस्त्रीकडे पाठवतात म्हणते. बाकी तब्येत बरी आहे. सिरोंचाची एसटी रोज सकाळी आमच्या चौकातून जाते.

कवडूभाऊंच्या समोर बसून मला सांगायचं आहे की त्यांचा हात खरा होता, पाय मी उचलला होता. ते मी अजून सांगितलेलं नाही.