ऐकू न आलेलं प्रशिक्षण

वर्तणूक नियमांच्या प्रशिक्षणात चहाची सुट्टी झाली आणि साहेब कॉलरला लावलेला माइक काढायला विसरले. सुरुवातीला एवढंच झालं होतं.

त्याआधी सकाळभर साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर उभं राहून नियम वाचून दाखवले होते. महिला सहकाऱ्याशी कसं बोलावं, कसं बोलू नये, अंगचटीला जाणं कशाला म्हणतात, हे त्यांनी इतक्या बारकाव्यांनिशी सांगितलं की मागच्या रांगेतल्या स्टेनोबाईने लिहिता लिहिता वही मिटून टाकली. त्यातलं जे जे करू नये ते ते साहेब गेलं वर्षभर तिच्याशी करत होते. तिने तक्रार केली नव्हती. खोलीत दोघंच असायची. साक्षीला कोणाला बोलावणार, टेबलाला?

"बाई, अहवाल घेऊन जरा आत या," साहेब म्हणाले. ती शेजारच्या खोलीत गेली. साहेबांनी दार लोटलं.

"काय मग, नवरा अजून रात्रपाळीलाच ना? एकटीला झोप लागते का?"

"साहेब, इथे सही हवी होती."

"सही देतो की. तुमच्या बढतीचा गोपनीय अहवालही मलाच लिहायचाय. जरा हसून बोलायचं काय घ्याल?"

"साहेब, हात सोडा माझा."

हे वाक्य तिला स्वतःलाच दोनदा ऐकू आलं. एकदा स्वतःच्या तोंडून आणि एकदा भिंतीपलीकडच्या स्पीकरमधून. साहेबांचा हात चटका बसल्यासारखा मागे गेला.

ती बाहेर आली तेव्हा सगळं ऑफिस कप हातात धरून उभं होतं आणि जो तो आपापल्या कपात डोकावत होता. शिपाई धावत जाऊन स्पीकर बंद करून आला. लाजेने तिचे कान तापले होते. पण घरी जाताना वर्षभरात पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

"मग आता घाबरतेस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "अख्खं ऑफिस साक्षीला आहे. कर तक्रार."

तिने केली. मुख्य कार्यालयातून चौकशी समिती आली. समितीच्या अध्यक्षबाई कमी बोलणाऱ्या आणि जास्त लिहून घेणाऱ्या होत्या. साक्षी स्टेनोबाईसमोर आणि साहेबांसमोर व्हायच्या होत्या. साहेब खुर्ची ओढून साक्षीदाराच्या अगदी नजरेसमोर बसले. सगळ्यांचेच गोपनीय अहवाल त्यांना अजून लिहायचे होते.

"माइक बंद होता, मॅडम," हेडक्लार्क म्हणाले.

"केव्हापासून?"

"पहिल्यापासूनच."

"मग साहेबांचं भाषण?"

"दिसलं छान. ऐकू काही आलं नाही."

अकाउंटंट म्हणाले, "मला वाटलं, साहेब मनातल्या मनात बोलतायत."

"स्पीकर तुम्ही बंद केलात ना?" अध्यक्षबाईंनी शिपायाला विचारलं.

"हो."

"बंदच होता, तर तुम्ही काय बंद केलंत?"

शिपायाने साहेबांकडे पाहिलं. "आणखी बंद केला, मॅडम."

सगळ्यात शेवटी आवक-जावकच्या ताई आल्या. स्टेनोबाईचा डबा रोज त्यांच्यासोबत असायचा, आणि ती बाथरूममध्ये रडायची तेव्हा पाठीवरून हात त्याच फिरवायच्या. "काहीच ऐकू आलं नाही," ताई टेबलाकडे बघत म्हणाल्या. मग बाहेर येऊन कुजबुजल्या, "माझं प्रमोशन अडकलंय गं. तू समजून घे."

स्टेनोबाईने समजून घेतलं. त्याने दुखायचं काही कमी झालं नाही.

"म्हणजे प्रशिक्षणातला एकही शब्द कोणालाच ऐकू आला नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "असंच लिहू ना?"

"असंच लिहा," सगळे एका सुरात म्हणाले. साहेबांनीही समाधानाने मान डोलावली.

तक्रार सिद्ध झाली नाही. निकालाची प्रत हातात घेऊन स्टेनोबाई बराच वेळ बाथरूममध्ये बसून राहिली. या वेळी पाठीवरून हात फिरवायला कोणी आलं नाही.

आणि मग मुख्य कार्यालयातून साहेबांनाच नोटीस आली. सर्व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, असं साहेबांनी सरकारला कळवलं होतं. एकालाही एक शब्द ऐकू आला नाही, हे कर्मचारी सह्यांनिशी सांगत होते. खोटी माहिती देऊन शासनाची दिशाभूल केली, तर पदावनती का करू नये? बाईचा हात धरल्याचं मुख्य कार्यालयाला एवढं लागलं नव्हतं. हे मात्र फार लागलं.

साहेब हेडक्लार्कच्या टेबलाशी गेले. "माइक चालू होता, असं लिहून द्या हो."

"आता शब्द फिरवला तर माझी नोकरी जाईल, साहेब," हेडक्लार्क म्हणाले. बाकीच्यांनीही तेच सांगितलं.

शेवटी साहेब स्टेनोबाईसमोर येऊन उभे राहिले. बसा म्हणायला ती विसरली, की म्हणालीच नाही, कोण जाणे.

"बाई, माइक चालू होता असं तुम्ही एकट्यांनीच सांगितलं होतं. तेवढं पुन्हा सांगा ना."

"सांगते की." तिने वही-पेन्सिल पुढे ओढली. "कुठून सांगू? भाषणापासून, की चहाच्या सुट्टीपासून?"

कोणती शिक्षा हलकी, याचा हिशोब साहेबांच्या चेहऱ्यावर चाललेला दिसत होता.

"राहू द्या," ते म्हणाले.

साहेबांना एक पायरी खाली उतरवलं आणि दुसऱ्या गावच्या लहान ऑफिसात धाडलं. निरोपाच्या समारंभात त्यांच्या सभ्य वागणुकीबद्दल हेडक्लार्क गहिवरून बोलले. स्टेनोबाई तिकडे फिरकली नाही. ती आपल्या टेबलाशी बसली आणि तिने त्या लहान ऑफिसला फोन लावला. एका मुलीने उचलला.

"टायपिंग कोण करतं तुमच्याकडे?"

"मीच. का हो?"

"तुमच्याकडे नवे साहेब येतायत. थोडं बोलायचं होतं. जवळपास आणखी कोणी बाई आहे का?"

"नाही हो ताई," मुलगी म्हणाली. "इथे मी एकटीच आहे."

"म्हणूनच फोन केला," स्टेनोबाई म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे ओढून घेतली.