नाना अस्वलाची वर सरकणारी खिडकी

एका जंगलात सगळी चूक नाना अस्वलाची होती.

बाळांनो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गोष्ट संपता संपता मोठी माणसं येतील आणि म्हणतील, चूक लाटण्याची होती.

नाना म्हातारा होता, म्हणून सगळे त्याला अहो-जाहो करायचे. मी करणार नाही. त्याच्याकडे खरी म्हणावी अशी एकच गोष्ट होती. नाक. रोज सकाळी तो खिडकीतून नाक बाहेर काढायचा, हुंगायचा आणि सांगायचा, "आज ओढ्यापलीकडच्या ऐनाच्या झाडावर मध आहे." आणि असायचा. त्या नाकावर अख्खं जंगल मध खायचं. त्या नाकाच्या जोरावर नाना बाकीच्या सगळ्या विषयांवरही बोलायचा.

नानाची खिडकी दारासारखी उघडणारी नव्हती. तिचा लाकडी पल्ला खालून वर सरकायचा. पल्ल्याला दोन्ही बाजूंना दोरी. दोरी वरच्या चाकावरून चौकटीमागच्या पोकळीत उतरायची आणि तिच्या टोकाला लोखंडी वजन लटकायचं. वजन खाली, की पल्ला वर. एका बोटाचं काम.

दर दिवाळीला नाना या खिडकीला तेलरंग द्यायचा. पल्ल्याला, चाकाला, दोरीलासुद्धा.

"अहो, दोरीला कशाला?" नानी विचारायची.

"आमच्या वडलांनी दिला होता."

संपला विषय.

रंग पिऊन पिऊन दोरी काडीसारखी कडक झाली. एक दिवस तुटली. भिंतीत आवाज आला, धप्प.

नाना ताडकन उभा राहिला. "आजोबा!"

दुपारी दुसरी तुटली. धप्प.

"पणजोबा!"

जंगलातले सगळे वडीलधारे जमले. नानाचे पूर्वज भिंतीत उतरलेत, यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. शिरा गरम होता. चौकटीला हार घातला गेला. तिला कुणी हत्यार लावायचं नाही, असं ठरलं.

नानीने गुपचूप टोकी सुतारपक्षिणीला बोलावलं. टोकीने चौकटीवर तीनदा चोच मारली आणि कान लावला.

"नाना, पूर्वजबिर्वज काही नाही. वजनं पडलीत खाली. ही एवढीशी फळी काढायची, वजनं उचलायची, नवी दोरी बांधायची. अर्ध्या तासाचं काम. फक्त दोरीला रंग फासू नका."

"आमच्या पणजोबांना वजन म्हणतेस?" नाना गुरगुरला. "शिकलीस किती तू?"

"घुबडाच्या शाळेतून चौथीत बाहेर पडले."

"मग तुला भिंतीतलं काय कळणार?"

"तेवढंच कळतं, नाना. शाळेत नुसता फळा होता."

वडीलधाऱ्यांनी तिला हाकललं. जाताना ती म्हणाली, "नाक सांभाळा." तो त्यांना उद्धटपणा वाटला.

आता पल्ला जड झाला. उचलायला नाना-नानी दोघं लागायची, आणि उचलला की खाली टेकू लागायचा. नानाने लाटणं लावलं.

"अहो, लाटणं गोल असतं," नानी म्हणाली. "आणि ते माझं आहे. आठ दिवस झाले, नुसत्या भाकऱ्या थापतेय मी."

"तुला त्यातलं कळत नाही."

नवव्या दिवशी सकाळी खिडकीखाली पिल्लं जमली. मध कुठे आहे, एवढंच त्यांना हवं होतं. नानाने नाक बाहेर काढलं.

"कुठाय, नाना?"

"सांगतो. आधी ऐका. आजकालच्या पोरांना साधी खिडकी उघडता येत नाही. आमच्या काळी..."

'आमच्या काळी' म्हणताना चौकटीवर मूठ आपटायची नानाला सवय होती. त्याने आपटली.

लाटणं घरंगळलं. पल्ला आला खाली.

पुढचं सांगत नाही. जेवायच्या वेळेला ऐकण्यासारखं नाही ते.

नाना पंधरा दिवस नाकाला पाला बांधून झोपून होता. वडीलधाऱ्यांनी बैठक घेतली आणि लाटण्याला दोषी ठरवलं. ते ओढ्यात फेकून दिलं. कुणाचं होतं, हे कुणी विचारलं नाही.

नाना घोरतोय असं बघून नानीने टोकीला पुन्हा हाक मारली. टोकीने हार खुंटीला अडकवला, फळी काढली, आजोबा आणि पणजोबा बाहेर काढले, पुसले, नवी दोरी बांधली आणि फळी पुन्हा बसवली. अर्धा तासही लागला नाही. जाताना तिने हार होता तिथे परत घातला.

नाना उठला. एका बोटाने पल्ला वर गेला. त्याचे डोळे भरून आले.

"बघितलंत? पूर्वज पावले!"

वडीलधाऱ्यांनी त्याचा सत्कार केला. दिवाळीला त्याने नव्या दोरीला रंग दिला.

तात्पर्य : मुलांनो, वडीलधाऱ्यांचं नेहमी ऐकावं. ते झोपले की दुरुस्ती करावी.

नानाला मधाचा वास पुन्हा कधी आला नाही.