मूळ रहिवासी टिकून असल्याची खात्री

माणसाने घर बदलण्याचा निर्णय कधीही भावनेच्या भरात घेऊ नये. भावनेच्या भरात उरकायला लग्न, नोकरी, मुलंबाळं वगैरे किरकोळ बाबी आहेत. घर मात्र विचारपूर्वक, पुराव्यानिशी आणि शक्यतो तीन प्रतींत ठरवावं लागतं.

हे ज्यांना शिकवावं लागलं नाही असे एक गृहस्थ म्हणजे शेरेबुवा. एका मोठ्या कचेरीत ते परवान्यांच्या अर्जांची छाननी करत. अर्ज कितीही बिनचूक असो, त्यावर शेरा मारल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे, म्हणून हे नाव. ('सही सुवाच्य आहे, सबब संशयास्पद' हा त्यांचा शेरा कचेरीत अजूनही आदराने सांगितला जातो.)

अशा माणसावर घर बदलायची पाळी आली. लग्नाला सहा वर्षं होऊनही ते आणि त्यांची बायको थोरल्या भावाच्या घरी राहत होते. मधल्या खोलीत आडवं कपाट उभं करून तिचे दोन भाग केले होते. अलीकडे हे नवराबायको, पलीकडे भावाच्या दोन मुली. बायको औषधाच्या दुकानात दिवसभर उभी असायची आणि संध्याकाळी घरी येऊन कुजबुजत भांडायची. कुजबुजत भांडणं किती अवघड असतं हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. ऐन रंगात आलं की पलीकडून पुतणी विचारायची, "काकू, काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

"अहो, मला फार काही नको," बायको एकदा म्हणाली. "मला एकदा दार लावून, कडी घालून, तुमच्याशी मोठ्याने भांडायचंय. बस्स."

त्यातच वहिनींची आई कायमची राहायला येणार असं ठरलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. भल्या घरची बाई, त्या कशाला बोलतील! त्यांनी फक्त एक दिवस येऊन कपाटाच्या अलीकडची जागा मोजली. तीन महिन्यांत हलायला हवं, हे शेरेबुवांना न सांगताच कळलं.

कचेरीतल्या एकाने त्यांना जुन्या गोदामांमागची वस्ती सुचवली. "वस्ती वर येतेय," तो म्हणाला. आता वस्ती वर येणं ही गोष्ट दूध वर येण्यासारखीच आहे, क्षण चुकला की गेलं. फार लवकर गेलात तर गल्लीतली कुत्री अंगावर येतात. फार उशिरा गेलात तर त्याच कुत्र्यांच्या अंगात कोट असतात आणि त्यांचे मालक आपल्या अंगावर येतात. मधली वेळ साधण्यासाठी शेरेबुवांनी चार अटी तयार केल्या:

एक, कॉफीचं दुकान असावं, पण एकच. (एकही नसेल तर वस्ती झोपलेली आहे. तीन असतील तर आपण झोपलो होतो.)

दोन, एखाद्या भिंतीवर चित्र रंगवलेलं असावं, पण ते कशाचं आहे हे कळू नये.

तीन, दारापुढच्या कुंड्या अधूनमधून चोरीला जाव्यात. म्हणजे कुंड्या ठेवणारे आले आहेत आणि नेणारे अजून गेलेले नाहीत.

चार, मूळ रहिवासी टिकून असावेत. त्यांच्याशिवाय वस्तीला जीव नसतो. (खाली दोन रेघा.)

"मूळ रहिवासी टिकले तर आपण कुठे राहायचं?" बायकोने विचारलं.

"त्यांच्यात."

"त्यांच्यात म्हणजे? त्यांच्या खोलीत?"

शेरेबुवांनी समासात 'प्रश्न विचाराधीन' असं लिहिलं आणि वही मिटली.

पुढच्या रविवारपासून पाहणी सुरू झाली. हातात वही, खिशात मोजपट्टी, काखेत चामडी पिशवी, अशा थाटात शेरेबुवा गल्लीत उभे राहत. उभं राहून पाय दुखले की छत्रीकाकांच्या दुकानात स्टुलावर बसत. काका एकतीस वर्षं तिथे छत्र्या दुरुस्त करत होते. पुढे दुकान, मागे दोन खिडक्यांची खोली, आणि तोंडात सदैव छत्रीची एक तरी काडी. पहिल्याच दिवशी त्यांनी शेरेबुवांना चहा पाजला, दुसऱ्या रविवारी त्यांच्या छत्रीचा मोडका दांडा बसवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. शेरेबुवांना इतकं भरून आलं की त्यांनी तिथल्या तिथे नोंद केली: 'मूळ रहिवासी आहे. प्रकृती उत्तम. टिकण्याची शक्यता भरपूर.'

आणि मग वस्ती अशी काही सुधारू लागली की विचारू नका! पहिल्या रविवारी गल्लीत रंगवलेली दारं दोन होती, पाचव्या रविवारी अकरा. उघडी गटारं चारवरून शून्यावर आली. वाण्याने फुटपाथवरची पोती आत घेतली. न्हाव्याने नवीन पाटी लावली, तिच्यात एक चूक निघाली, तर पुढच्या रविवारच्या आत तीही दुरुस्त झाली. दर आठवड्याला सरासरी चार सुधारणा! शेरेबुवांनी आलेख काढला. हा वेग बघता आपण निर्णय घेईपर्यंत वस्ती आपल्या हाताबाहेर जाईल, या विचाराने त्यांची झोप उडाली.

खरी गोष्ट अशी होती की वहीवाला माणूस सरकारातून आला आहे, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. कोणी त्यांना विचारलं नाही, कारण सरकारी माणसाला 'तुम्ही कोण' असं विचारायचं नसतं. त्यांनीही सांगितलं नाही, कारण जो तो आपल्याला घाबरून नमस्कार करतो यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. कचेरीत रोज तेच व्हायचं.

आठव्या रविवारी वरच्या मजल्यावरची घरमालकीण खाली आली. सात रविवार ती गॅलरीतून चष्मा पुसून पुसून पाहत होती. "मग काय साहेब, कशी वाटते आमची गल्ली?" तिने विचारलं.

"समाधानकारक," शेरेबुवा म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी कशालाही यापेक्षा मोठा शेरा दिला नव्हता. बाई तशीच वर गेली आणि तिने एक पत्र लिहिलं.

नवव्या रविवारी छत्रीकाका काड्यांच्या मोळ्या बांधत बसले होते.

"काका, हे काय?"

"मालकीणबाईंनी जागा मागितली. म्हणतात, आता सरकारनेच बघून पास केलीय, मग जुन्या भाड्यात कशाला ठेवू?" काकांनी तोंडातली काडी काढली. "साहेब, तुमच्याच खात्यातलं कोणीतरी असेल. जरा शब्द टाकाल का माझ्यासाठी? एकतीस वर्षं झाली हो. या वयात जावयाच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे..."

शेरेबुवांना लाज वाटली, खरंच वाटली, कान तापले. एवढंच सांगायचं होतं की बाई, मी कोणी नाही, मी आपला घर शोधत फिरणारा एक कारकून आहे. ते तडक उठले आणि जिना चढले.

दार उघडताच मालकीण म्हणाली, "वाटच बघत होते! खोली बघायची ना?" आणि उत्तराची वाट न बघता तिने मागच्या जिन्याने त्यांना थेट काकांच्या खोलीत नेलं. दोन खिडक्या. भिंती जाड. दाराला लोखंडी कडी.

"दार लावून बघू का जरा?" शेरेबुवांनी विचारलं.

त्यांनी दार लावलं. कडी घातली. एक मिनिट उभे राहिले. कोणी खोकत नव्हतं, कोणी काही विचारत नव्हतं. सहा वर्षांत इतकी शांतता त्यांनी ऐकली नव्हती.

खाली आल्यावर ते काकांना म्हणाले, "बोललो मी त्यांच्याशी." हे शंभर टक्के खरं होतं.

"उपकार झाले साहेब," काका म्हणाले आणि मोळी सोडायला लागले. ती त्यांना गुरुवारी पुन्हा बांधावी लागली.

शेरेबुवांनी अहवालाची शेवटची नोंद केली: 'अट क्रमांक चार. टिकून राहणे ही रहिवाशाची जबाबदारी असून, सदर रहिवासी जागेवर आढळला नाही. सबब अट गैरलागू. जागा घेण्यास हरकत नाही.'

महिनाअखेरीस दोघं राहायला आले. सामान लावता लावता बायकोला फळीवर छत्रीची एक मूठ सापडली. कोणाची, असं तिने विचारलं, आणि शेरेबुवांनी (घर नवीन असल्यामुळे असेल) सगळं खरं सांगून टाकलं. मग मात्र ती कडाडली. "लाज नाही वाटली? बापाच्या वयाचा माणूस! दोन शब्द बोलायचे होते फक्त, जीभ झडली होती का?" असं ती इतक्या मोठ्याने भांडली की खिडकीवरचं कबूतर उडालं.

"बरं," शेरेबुवा खालच्या आवाजात म्हणाले, "मग परत देऊ या का खोली त्यांना?"

बायको थांबली. चारी भिंतींकडे पाहिलं. मग दाराची कडी नीट बसली आहे ना, हे हाताने ओढून पाहिलं आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने भांडायला लागली.

असो. शेरेबुवांना नावं ठेवायला आता कोणीही पुढे येईल, तुम्ही तर केव्हाच आला आहात. खुशाल ठेवा. पण मघापासून तुमच्या मनात जे घोळतंय त्याचं उत्तरही देऊन टाकतो. हो, पाणी दिवसभर असतं. बस कोपऱ्यावरच थांबते. त्याच घरात मागच्या अंगाला आणखी एक खोली आहे, जरा लहान, पण उजेड भरपूर. सध्या तिथे रफू करणारी एक बाई राहते. येत्या रविवारी सहज एक चक्कर मारा की. नुसतं बघायला काय जातंय?