गुळवणी अण्णांचा शनिवार

समजा, तुमच्या घरी कुणी जेवायला आलं, श्रीखंडाचा पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटले, आणि तुम्ही जीव मुठीत धरून "कसं झालंय?" विचारल्यावर म्हणालं, "शनिवारी कळेल." काय कराल? आम्ही घाबरायचो. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावातल्या यच्चयावत मराठी बायका घाबरायच्या. कारण शनिवारी दुपारी चार वाजता हा गृहस्थ टीव्हीवर यायचा आणि आमच्या श्रीखंडाचा जाहीर निकाल लावायचा.

अण्णा गुळवणी. आडनावात गूळ, जिभेवर लवंगी मिरची. माझ्या श्रीखंडाबद्दल ते काय बोलले, ते मला आजही पाठ आहे. "सुमाच्या श्रीखंडाने माझे दोन दात आंबले. उरलेले मी पुढच्या आमंत्रणासाठी राखून ठेवलेत." आता इथे चक्का कुठून आणणार? आम्ही सगळ्याच सावर क्रीम फडक्यात बांधायचो. पण अण्णांना सबबी चालत नसत. आणि ते हे बोलत असताना कॅमेरा कुणाच्या हातात होता? माझ्याच! चित्र हललं म्हणून वर बोलणीही मीच खाल्ली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावात नवी नवी केबल आली होती आणि गावाने केबलवाल्यांना अट घातली होती की एक चॅनेल गावकऱ्यांसाठी मोकळं ठेवा. पब्लिक ॲक्सेस म्हणायचे त्याला. कुणीही यावं, कॅमेरा चालवायला शिकावं आणि हवं ते दाखवावं. सगळं फुकट. शाळेच्या तळघरात स्टुडिओ होता. त्यात दोन कॅमेरे, एक टेबल आणि एक प्लास्टिकचं झाड. आमच्या आधीच्या अर्ध्या तासात एक आजोबा मासे धरायचे गळ बांधायला शिकवायचे. त्यांचा पसारा टेबलावरून उचलला की आमचा कार्यक्रम लाइव्ह सुरू. एकदा एक गळ राहून गेला होता, तो अण्णांच्या कोटात अडकला. त्यांनी लगेच सांगून टाकलं, "मंडळी, या गावात पहिल्यांदाच कुणीतरी मला गळाला लावलंय."

मी तेव्हा लग्न होऊन नवीन आलेली, अकोल्याची पोर. नोकरीचा परवाना नाही, गाडी येत नाही. दिवसभर खिडकीत बसून बर्फ बघायचं आणि नवरा ऑफिसातून यायची वाट पाहायची. अण्णा शेजारी राहायचे. गावाच्या पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते. एक दिवस दार वाजवून म्हणाले, "अगं सुमा, घरात बसून काय अंडी उबवतेस? चल, कॅमेरा धर." नको म्हणायची सोयच नव्हती. तो कॅमेरा धरला म्हणून मी त्या हिवाळ्यात वेडी झाले नाही, हे मात्र खरं.

कार्यक्रमात ते कुणाची भीड ठेवायचे नाहीत. भारतात जाऊन आलेली मंडळी "किती डस्ट यार, किती क्राउड!" करायला लागली की अण्णा कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचे, "लग्नापर्यंत विहिरीचं पाणी प्यालास ना रे? तेव्हा नाही तुझं पोट बिघडलं!" नाव घ्यायचे नाहीत, पण टाय कोणत्या रंगाचा होता ते सांगायचे. मग घरोघर फोन सुरू.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर सबनीस. माणूस सज्जन, पण माइक हातात आला की "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे" म्हणायचे आणि आरतीचा प्रसाद गार व्हायचा. अण्णांनी त्यांचं गणपतीतलं भाषण कॅसेटवर टेप केलं आणि कार्यक्रमात लावलं. शेजारी स्वयंपाकघरातला टायमर ठेवला. दहा मिनिटांनी टायमर खणखणला. भाषण अजून प्रास्ताविकातच होतं. "दोन शब्द चालू आहेत, तोवर आपण चहा घेऊ," म्हणून अण्णांनी थर्मास काढला आणि बशीतून फुर्रर्र फुर्रर्र करत सावकाश चहा प्यायले. मी बशीचा क्लोजअप घेतला. माझं पाप!

स्वतःलाही त्यांनी कधी सोडलं नाही. एकदा तळाशी करपलेलं खिचडीचं भांडंच घेऊन आले. "हा पाहा एकट्या पुरुषाचा स्वयंपाक. वरची खिचडी मी खाल्ली, खालची भांड्याने खाल्ली." आम्ही पोट धरधरून हसलो. त्यांच्या बायकोला, मालतीवहिनींना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुलगा कॅलिफोर्नियात. दर रविवारी त्याचा फोन यायचा, "हाय डॅड, हाउज द वेदर?" अण्णा सांगायचे, "पाच मिनिटं बोलतो, त्यातली चार हवामानावर. एवढं तर वेधशाळेतले लोकही बोलत नसतील."

चहाची बशी भोवणार होतीच. डॉक्टर सबनिसांनी चॅनेलच्या कमिटीला पत्र लिहिलं. हा माणूस परक्या भाषेत प्रतिष्ठित लोकांची टिंगल करतो, कुणी बघत नाही, तर ही वेळ मंडळाला द्या. स्टुडिओ सांभाळणारी कॅथी बिचारी रडकुंडीला आली. दोन महिन्यांनी टाउन हॉलमध्ये मीटिंग होती. तिथे निदान एक तरी प्रेक्षक उभा करा, म्हणाली. आणि तोपर्यंत तुम्ही काय बोलता ते पडद्यावर इंग्रजीत दाखवा.

अण्णांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. घरी परतताना गाडीत म्हणाले, "हा अर्धा तास गेला ना सुमा, तर मी मराठी बोलू कुणाशी गं? पाण्याच्या पाइपांशी?"

मी म्हटलं, "अण्णा, इंग्रजीचं काम माझ्याकडे द्या." अकोल्याच्या मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलेली मी! पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत वाक्यं लिहायचे आणि अण्णा बोलत असताना कॅमेऱ्यापुढे धरायचे. "धिस इज जोक." मग "धिस इज ऑल्सो जोक." आणि शेवटी अण्णा हात जोडून, थेट कॅमेऱ्यात बघून म्हणायचे, "बरंय, येतो." आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अभद्र वाटतं. मी आपलं सरळ लिहून टाकलं, "आय ॲम कमिंग." अण्णांना टेबलामागून पुठ्ठ्यावरची अक्षरं दिसायची नाहीत, आणि कॅथीला वाटलं असेल इंडियात असंच म्हणत असतील.

मीटिंगचा दिवस आला. शनिवारी पोट धरून हसणाऱ्यांपैकी एकही जण टाउन हॉलकडे फिरकला नाही. सगळ्यांची पोरं तपासायला सबनिसांच्याच दवाखान्यात, त्यांना कोण दुखावणार? माझा नवरासुद्धा "ऑफिसात डेडलाइन आहे यार" म्हणून सटकला. खुर्च्यांवर अण्णा, मी, कॅथी, डॉक्टर आणि गावातले दहाबारा अमेरिकन लोक. डॉक्टर इंग्रजीत दोन शब्द बोलले. कमिटीच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. शेवटी त्यांनी विचारलं, "हा कार्यक्रम बघणारं इथे कुणी आहे का?"

एकही हात वर झाला नाही. अण्णा मान खाली घालून कोटाचं बटण फिरवत बसले होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक अमेरिकन म्हातारी काठी टेकत उठली. ऐंशीच्या घरातली असेल, डोक्यावर लोकरीची टोपी. म्हणाली, "मी हेलन. मला या माणसाची तक्रार करायची आहे."

झालं! मी डोळेच मिटून घेतले.

"हा दर शनिवारी मला सांगतो, मी येतोय. पडद्यावर लिहून सांगतो! मी साडेचारला चहाचं पाणी ठेवते. सात शनिवार झाले. हा येत नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. कमिटीच्या बाईंनी हसू आवरत विचारलं, "यांचं बोलणं तुम्हाला समजतं?"

"एक अक्षर नाही," हेलन म्हणाली. "पण अर्धा तास माझ्याकडे बघून बोलतो. दुसरं कोण बोलतं?"

मग कुणी हसलं नाही. शनिवारचा अर्धा तास अण्णांकडे राहिला. डॉक्टरांनाही रविवारचा अर्धा तास मिळाला, म्हणजे तसं सगळ्यांचंच भलं झालं. मी मात्र शरमेने अर्धी झाले होते. गाडीत बसल्या बसल्या म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं. पुढच्या वेळेपासून गुडबाय लिहिते." मला वाटलं, आता हा माणूस या फजितीवर चार शनिवार काढणार.

अण्णा गाडी सुरूच करेनात. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले.

"गुडबाय नको लिहूस," म्हणाले. मग सांगू लागले, "मालतीला त्या दिवशी बरं वाटत होतं. ताप उतरला होता. म्हटलं, घरी जाऊन आंघोळ करून येतो. ती म्हणाली, लवकर या. आंघोळ केली, दाढीसुद्धा केली गं मी. तिला वाढलेली दाढी आवडायची नाही. हॉस्पिटलात पोचलो, तर नर्स दारातच उभी." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरला. "येतो म्हणून सांगितलं होतं मी तिला."

दोन वर्षं शेजारी राहून, शनिवारमागून शनिवार त्या चेहऱ्यावर कॅमेरा धरून मला हे ठाऊक नव्हतं.

पुढच्या शनिवारी कार्यक्रम झाला. अण्णांनी हात जोडले, "बरंय, येतो" म्हणाले, आणि मी जुनाच पुठ्ठा धरला. या खेपेला तो चूक नव्हता. कॅथीने पत्ता शोधून दिला होता. अण्णा मलाही सोबत चल म्हणाले. हेलनचं घर स्टुडिओपासून चार रस्त्यांवर, पण तेवढ्यात अण्णांनी आरशात बघून तीनदा केस सारखे केले. केस होते किती, ते विचारू नका.

पायऱ्या चढून त्यांनी बेल वाजवली. आत काठीचा टकटक आवाज जवळ आला आणि दार उघडलं. म्हातारीने ठेवणीतला निळा ड्रेस घातला होता. गावभर फाडफाड बोलणाऱ्या, वीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या आमच्या अण्णांना इंग्रजीतला एक शब्द आठवेना. दारात उभे राहून ते मराठीतच म्हणाले, "आलो. फार उशीर झाला हो."

तिला काय कळलं देव जाणे. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, काठी भिंतीला टेकवली, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "असू दे. पाणी अजून गरम आहे."

आणि सगळ्या गावाची खिल्ली उडवणारा हा माणूस त्या परक्या दारात लहान मुलासारखा रडायला लागला.